तळ्यावरचे अध्यक्ष

लीड्सच्या आमच्या घरात हीटिंग कधी लावायचं यावरसुद्धा मतदान होत असे. घरात माणसं तीन. त्यांतले बाबा कायमचे अध्यक्ष, आई कायमची तटस्थ, आणि उरलेली मी म्हणजे सगळा विरोधी पक्ष. रविवारी दुपारची जेवणं आटोपली की बाबा टेबल पुसून घ्यायचे, चष्म्याच्या काचा शर्टाच्या टोकाला पुसायचे आणि म्हणायचे, "चला, सभा सुरू करू." मग एकेक विषय निघायचा. बाथरूमचा दिवा चालू कोण ठेवतं. उज्ज्वलाला, म्हणजे मला, मैत्रिणींबरोबर समुद्रावर राहायला जाऊ द्यायचं का. सुकट भाजताना मागचं दार उघडं ठेवायचं की बंद, कारण उघडं ठेवलं तर शेजारच्या जीनबाई कुंपणापाशी येऊन "एव्हरीथिंग ऑल राइट, लव्ह?" असं काळजीनं विचारायच्या, आणि बंद ठेवलं तर स्मोक अलार्म बोंबलायचा. प्रत्येक विषयावर मी तावातावानं बोलायचे, बाबा शांतपणे खोडून काढायचे, आणि हात वर करायची वेळ आली की आई उठून भांडी विसळायला लागायची. "मला दोघांनाही जेवायला वाढायचंय," हे तिचं तटस्थ राहण्याचं अधिकृत कारण. म्हणजे एक विरुद्ध एक. मग नियमाप्रमाणे अध्यक्षांचं निर्णायक मत. थोडक्यात, आमच्याकडे संपूर्ण लोकशाही होती आणि सगळं बाबांच्या मनासारखं होत होतं.

मला हसू यायचं, पण बाबांना त्यात गंमत वाटत नसे. ज्यांच्या आजोबांना गावच्या चावडीची पायरी चढायची परवानगी नव्हती, त्यांनी निदान स्वतःच्या घरात तरी रीतसर सभा भरवली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. आता यावर विरोधी पक्षानं काय बोलायचं? दिवाणखान्यात बुद्धाची मूर्ती होती, तिच्या शेजारी राज्यघटनेची जाडजूड प्रत, आणि त्या प्रतीवर विसरून चहाचा कप ठेवणाऱ्याकडे बाबा ज्या नजरेनं बघायचे ती नजर मला अजून आठवते. पेशानं ते इंजिनिअर, पुलांची तपासणी करणारे. पूल जसा, तसा माणूस. वाकायचा नाही आणि पुढेही सरकायचा नाही. बसच्या रांगेत मागून कुणी बाळाची गाडी घेऊन आलं की "प्लीज, आफ्टर यू" म्हणत स्वतःची बस सोडणार. ऑफिसात त्यांच्या मागून आलेली पोरं त्यांच्या डोक्यावर साहेब होऊन बसली, कारण "माझं काय?" असं जाऊन विचारायचा त्यांना संकोच. विहारातल्या जेवणाच्या रांगेत तर ते ठरवून शेवटी उभे राहायचे. त्यांची पाळी येईपर्यंत पातेल्यातले बटाटे संपलेले असायचे आणि हाताला नुसता रस्सा लागायचा. तोही ते "वा, छान झालाय" म्हणून प्यायचे.

याची भरपाई घरी करायला आई बघायची. आई हॉस्पिटलात सिस्टर होती, दिवसभर वॉर्डात लोकांना गोळ्या घ्यायला लावून यायची, आणि तोच सराव घरी जेवणाच्या टेबलावर चालू ठेवायची. तिचा आग्रह म्हणजे काय, हे तिच्या हातचं जेवलेल्यालाच कळेल. लंडनकडच्या हॅरोची मावशी आली की ज्वारीचं पीठ घेऊन यायची, आणि मग आठवडाभर भाकऱ्या, पिठलं, मिरचीचा खर्डा. आई तव्यावरची गरम भाकरी दोन बोटांत धरून टेबलाकडे धावत यायची, आणि बाबा ताटावर आडवा तळहात धरायचे. "आधी तुमचं होऊ दे." रोज. न चुकता. आई भाकरी घेऊन तशीच उभी, बोटं भाजतायत, बाबांचा हात काही हलत नाही, आणि शेवटी ती भाकरी माझ्या ताटात. मी त्या घरात चांगली गुबगुबीत झाले त्याचं कारण बाबांची तत्त्वं आहेत, हे मी आज साठी उलटल्यावर डॉक्टरलाही सांगते. ती विश्वास ठेवत नाही.

तर अशा या घरात मी गणिताची डिग्री घेतली आणि पंचाईत झाली. लीड्समधल्याच एका विमा कंपनीनं मला नोकरी देऊ केली. माणसं सरासरी किती जगतात याचा हिशोब करायचा, पगार बरा, घरापासून बस सरळ. बाबा हरखून गेले. पण त्याच सुमाराला ब्रिस्टलहूनही मला बोलावणं आलं, पीएचडीसाठी, आणि विषय होता जनावरं. मी आईबाबांना समजावून सांगितलं ते असं: कळपातलं एकेक जनावर कसं वागतं, कोण पुढे घुसतं, कोण बुजतं, कोण दुसऱ्याचा घास पळवतं, यावरून पुढच्या वर्षी कळप वाढणार की घटणार हे समीकरणांनी मांडायचं.

आई म्हणाली, "म्हणजे डॉक्टर होणार ना? मग झालं की."

"जनावरांची डॉक्टर नाही गं. गणिताची."

"अगं पण नावापुढे लागेल ना डॉक्टर?"

बाबांनी मात्र चष्मा काढला. त्यांनी चष्मा काढला की मी पोट आत घेऊन बसायचे. "उज्जू, माणसं किती जगतात हे मोजायला कुणीतरी पैसे देतं, कारण त्यावर काहीतरी अवलंबून आहे. कळपातलं कुठलं जनावर लाजाळू आहे हे मोजून तू पोट कसं भरणार? आपल्या मागे कोण उभं आहे?" आपल्या मागे कोण उभं आहे, हा त्यांचा हुकमी प्रश्न. त्याला उत्तर नसायचं, कारण मागे खरंच कुणी नव्हतं. मला रडू आलं. मला ते काम इतकं हवं होतं की जेवताना घास गिळवत नव्हता, आणि ते मी सरळ सांगितलं. बाबा विरघळले नाहीत, पण इंजिनिअर असल्यामुळे त्यांनी चाचणी सुचवली. मला डोळ्यांनी दिसेल असं एक भाकीत कर, म्हणाले. खरं ठरलं तर ब्रिस्टल. खोटं ठरलं तर विमा. ठराव मांडला गेला, मी घाईघाईनं अनुमोदन दिलं, आणि आई भांडी विसळायला गेली.

भाकीत माझ्या डोक्यात तयारच होतं. आमच्या घराजवळच्या पार्कात एक तळं होतं आणि तळ्यात बदकं. दोन माणसं तळ्याच्या दोन टोकांना उभी राहिली, आणि एकानं दुसऱ्याच्या दुप्पट वेगानं पावाचे तुकडे टाकले, तर थोड्याच वेळात बदकं आपली आपण वाटली जातात. दुप्पट वाढणाऱ्याकडे दुप्पट बदकं. कुणाला हाकलावं लागत नाही. प्रत्येक बदक आपापला फायदा बघत इकडून तिकडे जातं, आणि शेवटी कुठेही उभं राहिलं तरी प्रत्येकाच्या चोचीत सारखंच पडतं. इतकं देखणं गणित मी तोवर पाहिलं नव्हतं. बाबांनी ते लक्ष देऊन ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला.

"म्हणजे सगळी बदकं सारखी, आणि सगळी कुठेही जायला मोकळी, असं धरलंयस?"

"हो. मॉडेलमध्ये तसं धरावं लागतं."

"हं," म्हणाले. तो "हं" मला तेव्हा कळला नाही. मी जिंकल्याच्या गुर्मीत होते.

पुढचे काही दिवस मी रोज संध्याकाळी तळ्यावर जाऊन बदकांची ओळख करून घेतली. ओळख म्हटली की नावं आली. एक लठ्ठ नर होता, हिरव्या मानेचा, छाती काढून चालणारा. पाण्यात काहीही पडो, पाऊस का असेना, हा सगळ्यांच्या अंगावरून पुढे. त्याला मी कांबळेकाका म्हणायला लागले. खरे कांबळेकाका विहार चालवणाऱ्या आमच्या मंडळाचे आधारस्तंभ. कुठलाही कार्यक्रम असो, भाषण त्यांचं पहिलं आणि ताटही पहिलं. मग एक सतत क्वॅक क्वॅक करणारी मादी, तिला मंडळाच्या चिटणीसबाईंचं नाव दिलं. आणि एक होता हडकुळा, मान ताठ ठेवून सगळ्यांच्या मागे उभा राहणारा. तुकडा अगदी समोर पडला तरी आधी इकडेतिकडे बघणार, कुणाला हवाय का म्हणून, तेवढ्यात तो दुसऱ्यानं पळवलेला. त्याचं नाव ठेवायला मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. अध्यक्ष.

हे सगळं मी स्वयंपाकघरात आईला साभिनय करून दाखवलं. ती भाकरी थापत होती, कांबळेकाकांची चाल बघून तिला इतकं हसू आलं की पीठ नाकाला लागलं. "अगं ए, बास कर, भाकरी तुटेल." मग मी अध्यक्ष करून दाखवले, ताठ मान, मागे दुमडलेले हात. ती पुन्हा हसली, आणि हसता हसता थांबली.

"खातो का तो काही?"

"मिळालं तर खातो."

"आणि नाही मिळालं तर?"

"आई, बदक आहे ते."

"हो गं, बदकच आहे," म्हणाली आणि भाकरी उलटली.

रविवार उजाडला. यॉर्कशरला शोभेल अशी भुरभुर होती, छत्री उघडावी तर लाज वाटावी आणि न उघडावी तर अंग भिजावं अशी. बाबांनी पांढऱ्या पावाचे पट्टी लावून सारखे चौकोन कापले होते. आईकडे तेच चौकोन एका पिशवीत, आणि दुसऱ्या पिशवीत आमच्या दुपारच्या जेवणाचा डबा, कारण चाचणी संपल्यावर पार्कातच जेवायचं ठरलं होतं. पार्काच्या फाटकापाशी पोचलो तर समोरून छत्री टेकत खरे कांबळेकाका हजर.

"जयभीम," काका म्हणाले. "तुझ्या बाबांनी बोलावलंय. तटस्थ निरीक्षक."

"निरीक्षकाशिवाय चाचणी वैध कशी?" बाबा म्हणाले. "आणि जेवायलाही सांगितलंय त्यांना."

मी आईकडे बघितलं. आई आकाशाकडे बघत होती.

नियम सांगून झाले. बाबांनी पश्चिमेकडच्या टोकाला उभं राहून माझी टाळी वाजली की दोन तुकडे टाकायचे, आईनं पूर्वेकडे एक. मधे मी आणि निरीक्षक. सुरुवात झाली, आणि काय सांगू, पुस्तकात लिहिल्यासारखं व्हायला लागलं. बदकं आधी गोंधळली, मग इकडची तिकडे, तिकडची इकडे, आणि हळूहळू बाबांसमोर मोठा घोळका, आईसमोर लहान. माझा आनंद पोटात मावेना. मी टाळ्या वाजवता वाजवता मनातल्या मनात ब्रिस्टलला जाऊन खोलीसुद्धा बघून आले.

मग तो लठ्ठ नर कामाला लागला. बाबांच्या समोरच्या घोळक्यात तो असा घुसला की दोन्ही तुकडे त्याचेच. कुणी जवळ आलं की मान खाली घालून धाव घ्यायचा, पिसं ओढायचा. बाकीच्यांनी थोडा वेळ दम धरला आणि मग एकेक करत काढता पाय घेतला आईच्या दिशेनं. आईकडे गर्दी वाढली, तुकडा मात्र एकच. आणि त्या गर्दीच्या पार मागे, ताठ मानेनं, अध्यक्ष.

आईनं एक तुकडा गर्दीवरून मागे फेकला. चिटणीसबाईंनी मागच्या मागे झेप घेऊन तो पळवला. आईनं आणखी एक फेकला, टाळी नसताना. "आई, नियम!" मी ओरडले. तिनं ऐकलंच नाही. पावाची पिशवी तिनं बघता बघता रिकामी केली, मग दुसऱ्या पिशवीत हात घातला, डबा उघडला, आणि आमची जेवणाची भाकरी मोडून मोडून ती थेट त्या हडकुळ्याच्या चोचीसमोर टाकायला लागली. "घे रे, घे. लाजतोस काय असा? सगळे खातायत. घे की." त्याच्याजवळ येईल त्याला ती छत्रीनं हाकलत होती. ज्वारीच्या भाकरीचा वास तळ्यात पसरला की काय कोण जाणे, पण तळ्यातलं प्रत्येक बदक तिच्याकडे निघालं. पश्चिमेला बाबा एकटे. समोर पाण्यात तो लठ्ठ नर तेवढा. मी टाळ्या थांबवल्या तरी बाबा मनाशी ताल धरून दोन, दोन, दोन असे तुकडे टाकत उभे होते, कारण नियम त्यांनी मोडला नव्हता.

"आता थोडं बाबांच्या समोरच्या त्या बदकाकडे बघ," मी हताश होऊन आईला हाक मारली. "तो एकटा खातोय सगळं."

"त्याला कशाला बघू?" आई तिकडून ओरडली, तळ्याभर ऐकू जाईल अशा वॉर्डातल्या आवाजात. "कांबळेकाकांना कधी कमी पडलंय?"

काकांनी सावकाश माझ्याकडे वळून बघितलं, मग त्या नराकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"हा मी?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलायला सुचेना. "हो काका."

"पुढे घुसतो म्हणून?"

"हो काका."

मला वाटलं आता संपलं, मंडळात तोंड दाखवायची सोय उरली नाही. काकांनी छत्री बगलेत मारली. "मग बरोबर आहे," म्हणाले. "पण एक लक्षात ठेव, पोरी. हा पुढे गेला नसता, तर बाकीच्यांना कळलं असतं का, की इथे खायला मिळतंय? या गावात आपलं पहिलं माणूस मी. खोली मागायला दारं मी ठोठावली, तोंडावर बंद झाली, मी पुन्हा ठोठावली. एक उघडलं. मग तुझ्या बाबांना पत्र टाकलं, ये म्हणून. मग वाघमाऱ्यांना. मग सगळे. मी रांगेत मागे उभा राहिलो असतो, तर आज विहारात चार टाळकीसुद्धा जमली नसती." आणि वर, "तेवढं बटाट्याचं मात्र माझं चुकतं. मला आवडतात."

तेवढ्यात बाबा आले. शर्ट भिजलेला, हातात उरलेले चौकोन. "तुझं गणित चुकलं, उज्जू," ते म्हणाले.

"हो," मी म्हणाले. आणि खरं सांगते, विमा कंपनी त्या क्षणी माझ्या डोक्यातून पार निघून गेली होती. मी काकांची छत्री मागून घेतली आणि चिखलात रेघोट्या ओढायला लागले. "बाबा, बघा ना. सगळी सारखी धरली तिथेच चुकलं. एक जोरकस आला की बाकीचे मोकळे राहत नाहीत, ते नुसते दिसायला मोकळे. पण काका म्हणतात ते पण खरं, तो आधी शोधतो. आणि वाढणारी जर मागच्याला बघून वाढायला लागली, तर मागे राहण्यात फायदा, मग पुढचेही मागे यायला लागतील. मग हिवाळ्यात जगणार कोण? सरासरी बदक घेऊन हे कधीच कळणार नाही. एकेक बदक वेगळं घ्यावं लागेल."

बाबा चिखलाकडे बघत होते. "सगळे सारखे, सगळे मोकळे," ते म्हणाले. "घटनेच्या कागदावर आमच्याकडेही तसंच आहे. चांगल्या कागदावर आहे." मला तेव्हा कुठे त्यांचा तो "हं" कळला.

इथे मला थोडं पुढचं सांगायचंय, नाहीतर राहून जाईल. पुढे मी हेच काम आयुष्यभर केलं, आणि त्यात एक उत्तर असं आलं की ते बाबांना सांगायचं मी बरेच दिवस टाळलं. अन्न फारच कमी असेल आणि सगळ्यांत अगदी सारखं वाटलं, तर कधी कधी सगळाच कळप उपाशी मरतो, कारण कुणालाच पुरेसं मिळत नाही. शेवटी एकदा फोनवर सांगितलं. बाबा तेव्हा रिटायर झाले होते. जरासुद्धा न थांबता म्हणाले, "मग अन्न कमी का पडलं, ते आधी शोध. तो प्रश्न तुमच्या मॉडेलबाहेर का ठेवलाय?" आता मी ब्रिस्टलमध्ये राहते, इथले सीगल हातातली चिप पळवतात, नावं ठेवायलाही वेळ देत नाहीत. लीड्सच्या त्या तळ्याकाठी हल्ली पाटी आहे, बदकांना पाव घालू नका. भाकरीबद्दल तिच्यावर काही लिहिलेलं नाही.

तर त्या रविवारी आमचं जेवण बदकांनी खाल्लं होतं आणि पाहुणे उपाशी होते. घरी येऊन आईनं पदर खोचला, एका शेगडीवर पिठलं टाकलं, दुसरीवर तवा. काकांना भूक आवरेना म्हणून त्या दिवशी अपवाद करून जेवण आणि सभा एकत्रच सुरू झाली. मागचं दार उघडं होतं. जीनबाईंनी पोपटासारखी मान काढून बघितलं आणि पाहुणे बघून परत घेतली. खोलीत लसणाचा वास, ओल्या कोटांचा वास.

"चाचणीचा निकाल," बाबा म्हणाले. "भाकीत खोटं ठरलं. ठरल्याप्रमाणे उज्ज्वला विमा कंपनीला होकार कळवेल. निरीक्षकांना काही म्हणायचंय?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते खर्ड्यावर ढकललं.

कांबळेकाकांनी घास गिळला. "माझं बदक चांगलं खेळलं, एवढी नोंद व्हावी. आणि एक विचारायचंय. वहिनींनी आपलं सगळं जेवण ज्याला घातलं, त्या मागच्याचं नाव काय?"

मी ताटात बघितलं. तव्यावर भाकरी फुगत होती, आई पाठमोरी उभी होती.

"पिठलं वाढू का भाऊजी?" आई म्हणाली.

"वाढा. पण नाव काय?"

"मला माझ्यापुरतं कळलं, आता त्याचंही कळू दे," असं म्हणून काका हटून बसले. शेवटी आई वळली. हाताला पीठ होतं.

"अध्यक्ष," म्हणाली.

"कुठले? मंडळाचे?"

"आमच्या घरचे."

बाबांच्या हातातला घास हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, आईकडे बघितलं. "तुला हे आधी माहीत होतं?"

"होतं."

"चाचणी सुरू व्हायच्या आधीपासून?"

"हो. मग काय करायला हवं होतं मी?" आईचा आवाज चढला, आणि तो मी घरात तसा चढलेला कधी ऐकला नव्हता. "सगळे खातायत, आणि तुम्ही आपले मागे उभे. समोर पडलेलं पण उचलत नाही. तिकडे विहारात मला काही करता येत नाही, ऑफिसात येत नाही. इथे माझ्या हातात होतं, मी घातलं."

काका पाण्याचा पेला उगाच फिरवत बसले. बाबांनी चष्मा काढला, काचा पुसल्या, पुन्हा पुसल्या, आणि तो डोळ्यांवर न चढवताच बोलायला लागले.

"चाचणी बाद," ते म्हणाले. "तुकडे टाकणाऱ्या व्यक्तीचे हितसंबंध गुंतलेले होते. हे आधी जाहीर व्हायला हवं होतं. त्यामुळे भाकीत खरं की खोटं, ते ठरलेलंच नाही."

"म्हणजे मी हरले नाही?"

"तू हरलीही नाहीस आणि जिंकलीही नाहीस. पुन्हा करावी लागेल. नीट. नावं न ठेवता." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "नीट करायला किती वेळ लागेल?"

"तीन वर्षं," मी म्हणाले. "ब्रिस्टलमध्ये."

"अनुमोदन," कांबळेकाका म्हणाले. निरीक्षकाला अनुमोदनाचा अधिकार नव्हता, पण ते नेहमीप्रमाणे पुढे घुसले.

"मतदान," बाबा म्हणाले.

मी हात वर केला. आईनं या वेळी भांड्यांकडे बघितलंसुद्धा नाही. तिनं तव्यावरची भाकरी डाव्या हातात घेतली आणि पिठानं माखलेला उजवा हात वर केला, खांद्याच्याही वर, शाळेतल्या मुलीसारखा. माझ्या आठवणीतलं तिचं ते पहिलं मत. दोन झाली. ठराव मंजूर झाला होता, अध्यक्षांच्या मताची आता गरज नव्हती.

तरी बाबांनी हात वर केला. तोच, रोज ताटावर आडवा धरायचे तो. आईनं बघितलं, ताट उघडं आहे, आणि पुढे होऊन गरम भाकरी त्यांच्या ताटात घातली. बाबांना ती दिसली. त्यांनी हात लगेच खाली आणला नाही.